समोरच्याला कळलं पाहिजे

फुकटात राबायचं आणि वर त्यासाठी रात्री जागून भांडायचं, असा एकजण प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे तो मान दादाचा. राहायला पेणला, नोकरी रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत, आणि उरलेला जीव ‘डेबियन’मध्ये. ही डेबियन म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक ती पदरमोड करून सांभाळताहेत. दादाला हे विचारू नका. तो सांगतो.

कामाला जाताना मेमू गाडीत खिडकी मिळाली की लॅपटॉप मांडीवर. कासू ते नागोठणे तीन ओळींची इंग्रजी मेल लिहायची, निडी येईपर्यंत त्यातल्या दोन खोडायच्या. ‘‘ब्राझीलवाला वाचणार, जपानवाला वाचणार. समोरच्याला कळलं पाहिजे!’’ म्हणून विनोद नाही, म्हण नाही, लांब वाक्य नाही. फ्रेंचांनी, स्पॅनिशांनी आपापसात अडीअडचणी आपल्या भाषेत खुशाल विचाराव्यात, तशी सोयही आहे. पण चार देशांनी मिळून काम करायचं तर इंग्रजी. कुणी ‘‘इंग्रजीच का?’’ म्हटलं की गाडी रोह्याला पोचेस्तोवर सुटका नाही. डेबियन ज्यावर उभी आहे ते लिनक्स सुरू करणारा टोरवाल्ड्स फिनलंडचा, मातृभाषा स्वीडिश. रुबी ही संगणकभाषा १९९५ला जपानात आली तेव्हा तिची चर्चा जपानीतच चालायची. बाहेरच्यांना तिची गोडी लागली ती इंग्रजीत माहिती मिळायला लागल्यावर.

‘‘आणि चांगलं इंग्रजी हवंय कुणाला?’’ इथे त्याचा आवाज चढतो. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, त्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली अजून घरात बोलतात. १७४०ला पोर्तुगीज गेले, बोली राहिली. ‘‘का राहिली? लोकांनी मोडूनतोडून आपली केली म्हणून!’’ भाषाशास्त्रज्ञांना हे कितपत पटेल, देव जाणे. समोरच्या बाकावरच्या मासळीवाल्या मावशींना पटलेलं असतं. त्या मान डोलावतात आणि टोपली त्याच्या पायाशी सरकवतात.

एवढ्यावर थांबता तर बरं होतं. पण डेबियनमध्ये बिघाड कळवताना पाळायची शिस्त घरीही येते. वहिनी म्हणाली, ‘‘अहो, गॅस पेटत नाहीये,’’ की हा जागेवरूनच: ‘‘आधी काय केलंस? काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं?’’ तिसऱ्या प्रश्नापर्यंत वहिनीने शेजारून काडेपेटी आणून चहा टाकलेला असतो. डॉक्टरकडे पोटदुखी सांगायला गेला तो क्रमांक घातलेला कागद घेऊन. डॉक्टर खूश झाले, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

काकांचा गणपतींचा कारखाना आहे, पेणला असायचाच. २०२३ला डेबियनची जागतिक परिषद चक्क कोचीला भरली. आयुष्यात एकदा ज्यांच्याशी वाद घातले त्यांची तोंडं बघायची संधी. तारखा १० ते १७ सप्टेंबर. गणपती १९ला! त्या आठवड्यात पेणचा माणूस ‘‘मी जरा केरळला जाऊन येतो’’ म्हणाला तर घरचे त्यालाच पाटावर बसवतील. दादा कारखान्यात बसून उंदरांना रंग देत राहिला आणि मोबाइलवर कोचीची भाषणं ऐकत राहिला. मध्येच कुणी वक्ता फार झोकात बोलायला लागला की ब्रश हवेत थांबायचा. ‘‘हळू बोल की रे! समोरच्याला कळलं पाहिजे!’’ काका म्हणाले, ‘‘त्याला तुझं मराठी कळतंय होय? डोळे रंगव.’’

हल्ली एका जर्मन गृहस्थाशी त्याचं बिनसलंय. याने महिनाभर खपून केलेली दुरुस्ती त्याने एका ओळीत परत पाठवली. दादाने गाडीतच उत्तर लिहिलं: थँक यू फॉर युवर टाइम, आय विल करेक्ट अँड सेंड अगेन. बोटं हे टाइप करत होती तोवर तोंडाने अस्सल आगरीत त्या जर्मनाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. अख्खा डबा ऐकत होता. एकूण एक शब्द सगळ्यांना कळला.