दर्या आणि दऱ्या

मार्च लागला की आमच्या आक्षीत कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकच उद्योग, पांढऱ्या कांद्याच्या माळा. पलीकडच्या अंगणात बाई पाट टाकून बसल्या होत्या, अलीकडे मी. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण गावाच्या लेखी त्या अजून बाईच. निम्म्या गावाच्या वह्यांवर त्यांची लाल शाई सांडलेली आहे.

"काल रात्री ग्रुपवर फार हसत होतीस," बाई मान वर न करता म्हणाल्या.

माझ्या हातातली वेणी सुटली. झालं होतं असं, की कोळीवाड्यातल्या एका मुलीनं गावाच्या ग्रुपवर जाहिरात टाकली, 'ताजी सुकी मासली मिलेल. जवला, सोडे, बोंबील. घरपोच.' पाच मिनिटांत कुणीतरी त्याचा फोटो काढून, 'मासली'भोवती लाल गोल करून, खाली लिहिलं, 'आधी शुध्दलेखन सुकवा, मग मासळी!' मग हसऱ्या तोंडांची रांग लागली. त्या रांगेत माझंही एक तोंड होतं. डोळ्यांतून पाणी येणारं.

"मला वाटलं तुम्हीच पहिल्या हसाल," मी म्हटलं. "ऱ्हस्व-दीर्घावरून तुम्ही आमच्या ह्यांना पट्टी मारलेली आहे."

"मारली होती. तो चौथीत होता आणि मी त्याची मास्तरीण होते. तुम्ही ग्रुपवरचे लोक त्या मुलीचे कोण लागता?"

याला उत्तर नव्हतं. मी कांद्याची पात ओढली.

"आणि 'ताजी सुकी' हे मलाही गमतीचं वाटलं हो," त्या जरा मऊ झाल्या. "ह्याच हंगामातली, एवढंच तिला म्हणायचंय. त्यावर हसला असतात तर मीही हसले असते. पण लाल गोल कुठे केला? 'मासली'ला. ती चूक आहे? ती तसंच बोलते. तिची आई तसंच बोलते. अख्खा कोळीवाडा नि निम्मं आगर 'ळ'चा 'ल' करतं. तिला 'मासळी' म्हणायचं होतं आणि हात चुकला असं थोडंच आहे? ती जे बोलते ते तिनं बिनचूक लिहिलं. आणि तो जो शहाणा लिहिणारा, त्यानं 'शुद्धलेखन' कसं लिहिलंय ते पाहिलंस?"

मी फोन काढला. 'शुध्दलेखन'. 'ध'ला 'द' जोडलेला. व्हायला हवा तो 'द'ला 'ध'. दुसऱ्याची चूक काढणारं वाक्य स्वतः चुकल्याशिवाय राहत नाही, हा बाईंचा जुना सिद्धांत आहे. इंग्रजीतही संपादक मंडळी याला एक नियम मानून गमतीनं नाव देतात, असं माझी लेक म्हणते. सगळ्यांचं सारखंच म्हणायचं.

तिनंच मागे आणखी एक सांगितलं होतं, ते मी बाईंना सांगितलं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या दोन भाषाअभ्यासक बायकांनी २०१६मध्ये एक प्रयोग छापला. भाड्याच्या घरात सोबतीला कुणी हवंय, या जाहिरातीला आलेली उत्तरं त्यांनी ८३ जणांना वाचायला दिली. काही उत्तरांत मुद्दाम चुका पेरलेल्या. लिहिणारा कसा वाटतो ते सांगा, म्हणाल्या. शिवाय वाचणाऱ्यांचे स्वभावही तपासले. तर ज्यांचं दुसऱ्याशी फारसं जमत नाही, त्यांनाच व्याकरणाच्या चुका जास्त झोंबल्या.

"म्हणजे आपल्या खालच्या आळीतले अण्णा," बाई म्हणाल्या. नाव मी गाळते आहे. गावात तीन अण्णा आहेत, तिघांनाही आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटू दे.

मला मात्र एक पटत नव्हतं. "मग काय, कुणी कसंही लिहावं? तुम्हीच म्हणायच्या ना, वेलांटी चुकली की अर्थ बदलतो."

"बदलतोच." त्यांनी गाठ आवळली. "दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बिचारा. दर वर्षी २७ फेब्रुवारीला कुणीतरी 'मराठी भाषा गौरव दीन' असा फलक लावतं आणि मला हसावं की रडावं कळत नाही. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्ताची. आणि आपल्या रायगडातलं खास घे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आपल्याकडे दोन्ही आहेत, म्हणून इथे तर घोळ घालूच नये. पण घोळ घालतं कोण, माणूस की फोन? तुझ्या फोनवर तो आडवा 'ऱ' सापडतो का चटकन?"

नाही सापडत. मला माहीत आहे, कारण नागावच्या रस्त्यावर आमच्या भाचेसुनेनं पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या, तेव्हा तिच्या जाहिरातीत 'समुद्रकिनार्यावर' छापून आलं. ते वाचताना 'आचार्य'मधला 'र्य' तोंडात येतो आणि किनाऱ्यावर संस्कृत पाठशाळा असावी असं वाटतं. बोटं 'ऱ'पर्यंत पोचलीच नव्हती. शब्दयोगी अव्ययाचंही तेच. 'तुमच्यासाठी' लिहायला गेलं की फोन आपण होऊन 'तुमच्या' नंतर जागा सोडतो आणि 'साठी' वेगळी पडते, साठ वर्षं झाल्यासारखी.

"आणि ते नियम तरी कुठे आकाशातून पडलेत?" बाई आता रंगात आल्या. "माझी आई मरेपर्यंत 'नाहीं' लिहायची, डोक्यावर टिंब देऊन. 'नांव', 'कांहीं', 'घरांत'. साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारनं १९६२ला मानले, मग १९७२ला आणखी चार आले, आणि ती टिंबं गेली. 'कवि' होता तो 'कवी' झाला. म्हणजे आई एका सरकारी निर्णयात अशुद्ध झाली. तिच्या पत्रांना कुणी लाल गोल केला असता तर मी त्याच्या घरी जाऊन भांडले असते."

त्यांच्या माजघरात एक पत्र्याची पेटी आहे. त्यात वाडीचे जुने कागद आहेत, मोडीतले. बाईंना मोडी येते. एकदा त्यांनी मला दाखवलं होतं, की मोडीत वेलांटी एकच आणि उकारही एकच. ऱ्हस्व-दीर्घ असा भेदच नाही. कान्होजी आंग्रे समोरच्या कुलाबा किल्ल्यावर बसून इंग्रज-पोर्तुगीजांची झोप उडवत होते, तेव्हा त्यांच्या दफ्तरात पहिली वेलांटी की दुसरी याचा कुणी घोर लावून घेतला नव्हता. आरमार चाललं. हिशोब चालले. आमच्या वाडीची हद्द त्याच कागदांवर अजून कोर्टात टिकते आहे.

"त्याच्याही मागे जा," बाई म्हणाल्या. "आपल्या गावातला दगड."

आक्षीत राहून त्या दगडाबद्दल बोललं नाही तर गाव माफ करत नाही. आमच्याकडे शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा शिलालेख आहे. शं. गो. तुळपुळ्यांनी तो तसा वाचला. काही अभ्यासक त्या सालाबद्दल वाद घालतात, तो त्यांनी घालावा, पण मराठीतल्या अगदी जुन्या लेखांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं, त्यावर गावाचं समाधान आहे. शिलाहार राजा केशिदेव, त्याचा प्रधान, दिलेलं दान, असा मजकूर.

"त्यात 'श्री' कसा कोरलाय सांग."

मला आठवेना.

"'स्री'. 'श'ला 'स'. पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणायचंय, तर 'पसीम'. केशिदेवाचा 'केसी'. सुख लिहिलंय 'सुष'. कोकणच्या चक्रवर्तीचा लेख आहे गं, कुणा पोराची वही नव्हे! हजार वर्षांपूर्वी इथला माणूस बोलत होता तसा 'स' त्या पाथरवटानं दगडात धरून ठेवला. आज तसाच आपल्या बोलण्यातला 'ल' कोळीवाड्यातल्या पोरीनं लिहिला की आपण लाल गोल करतो, आणि तिकडे दगडाला हार घालतो."

आमच्या गावाच्या नावाचंही तसंच आहे. कुठे 'आक्षी', कुठे 'अक्षी'. अलिबागचं बघा, मराठीत कुणी 'अलिबाग' लिहितं, कुणी 'अलीबाग', आणि इंग्रजीत तर मुंबईचे बंगलेवाले मध्ये एक जास्तीचं अक्षर घालून त्याची किंमत वाढवतात. नियमानं 'मुरूड' दीर्घ, पाट्यांवर 'मुरुड'ही तितकंच. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज मिसळलेली वेगळीच बोली आहे. तिथल्या मुलानं ती फोनवर लिहायची ठरवली तर तो बापडा कोणत्या कोशात बघणार? त्याची चूक काढायला निदान कुणी जन्मलेलं नाही, तेवढं सुख.

कुंपणापाशी एक गाडी थांबली. मुंबईची. काचेतून एक हात बाहेर आला आणि समोरच्या पाटीचा फोटो काढून गाडी पुढे गेली. समोर शेजाऱ्यांनी पाटी लावली आहे, 'घरगूती जेवन मीळेल'. गाडीतून हसण्याचा आवाज आला तो आम्हा दोघींनाही ऐकू आला.

"बघ," बाई म्हणाल्या, "आता तुला राग आला."

आला होता. अलिबागच्या माणसाला हा राग ओळखीचा आहे. मुंबईत कुणाला बावळट म्हणायचं झालं की 'अलिबागसे आया है क्या' म्हणतात. सिनेमात म्हणतात, मालिकेत म्हणतात. आपल्या तालुक्यातल्याच एका गृहस्थांनी त्यावर बंदी आणा म्हणून उच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१९मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असं म्हणाले. कायद्यानं ते बरोबरच असेल. हसण्यावर बंदी कुठून आणणार? पण तेव्हा आमच्या वाडीत चार दिवस लोक तावातावानं बोलत होते, आणि त्यातलेच निम्मे काल 'मासली'वर हसले. मला धरून.

"म्हणजे हसायचंच नाही?"

"अगं, हसायचं! त्या चौकातल्या फलकाला हस. भावी नगरसेवक, पंधरा फूट लांब, 'वाढदीवसाच्या हार्दीक शुभेच्छा', खाली बावीस जणांचे फोटो. एवढा पैसा, एवढी माणसं, आणि एकालाही वाटू नये की कुणाला तरी दाखवून घ्यावं? त्याला मी पोटभर हसते. सरकारी पाटी चुकली की तिलाही. कोळीवाड्यातली पोर दहावीनंतर शाळा सोडून पहाटे चारला बंदरावर जाते आणि रात्री फोनवर बोटं चालवून धंदा करते, तिला हसायला कसली अक्कल लागते?"

मग त्या जोतीराव फुल्यांवर गेल्या. बाई कुठेही निघाल्या तरी शेवटी फुल्यांपाशी येतात, आम्हाला सवय आहे. १८७३ला 'गुलामगिरी' आली. पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली, आणि शास्त्रीबुवांनी फुल्यांच्या लिखाणातल्या व्याकरणाच्या आणि भाषेच्या चुका वेचून वेचून त्यांची टर उडवली. "शास्त्रीबुवांची मराठी म्हणजे काय मराठी! मी वर्गात वाचून दाखवायचे. पण माणूस काय सांगतोय ते ऐकायचं नसलं की त्याची वेलांटी मोजायची, ही युक्ती तेव्हापासूनची आहे. आणि आता फुल्यांची पुस्तकं घरोघर आहेत. त्यातल्या चुका मोजायला कुणी उघडतं का ती?"

"पण मुलांना शिकवायचं तर चूक दाखवायला लागेलच ना," मी चिकाटी सोडली नाही.

"दाखवायची की. पदर सुटलेला दिसला तर बाई बाईच्या कानात सांगते. लाउडस्पीकरवरून सांगते का?" गेल्या वर्षी बचत गटाच्या पापडांची लेबलं छापायची होती, तेव्हा बाई स्वतः छापखान्यात जाऊन बसल्या होत्या आणि 'पारंपारिक'चं 'पारंपरिक', 'उज्वल'चं 'उज्ज्वल' करून आल्या. गटातल्या बायकांनी त्यांना एक पाकीट दिलं, त्यांनी त्याचे पैसे दिले. बाहेर कुणाला कळलंही नाही. मला कळलं, कारण छापखाना माझ्या दिराचा आहे.

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दोन महिन्यांपूर्वी गावात एक तरणा मुलगा गेला, मोटरसायकलवर. ग्रुपवर त्याच्या मित्रानं लिहिलं, 'भावपुर्ण श्रद्धांजली भावा'. खाली एकानं उत्तर दिलं होतं, 'पू दीर्घ.' फक्त एवढंच. तेव्हा मी हसले नव्हते, पण काही बोललेही नव्हते. बाईंना हे सांगितलं. त्यांनी ते वाचलेलं होतं. त्या बराच वेळ नुसत्या कांदे लावत राहिल्या.

"तो उत्तर देणारा माझा विद्यार्थी," मग म्हणाल्या. "पूर्ण दीर्घ हे मीच शिकवलं त्याला."

त्यावर काय बोलणार. ऊन अंगणात आलं होतं. मी फोन घेऊन कालचं माझं तोंड ग्रुपवरून काढून टाकलं, आणि त्या मुलीला वेगळा निरोप पाठवला, अर्धा किलो सोडे हवेत म्हणून. जरा जास्तच गोड शब्दांत, हे कबूल करते. सोडे मला लागतही नव्हते. घरी डबाभर आहेत.

उत्तर लगेच आलं. मी ते कुंपणावरून वाचून दाखवलं. "'वैनी उद्या सकाली आनते. पयसे नंतर दया. बाईना पन सांगा जवला चांगला आला हाय.'"

बाईंनी तयार माळ खांबाला अडकवली, हात झटकले.

"भाव काय लावलाय विचार. आणि म्हणावं, जवला वाळूचा नको, मागच्या खेपेला दाताखाली येत होता."