टॉवेल आटलाय, मालक!

सोलापूरच्या भवानी पेठेत येऊन टॉवेलला नावं ठेवणं म्हणजे पंढरपुरात जाऊन बुक्क्याला नावं ठेवणं. तरीही परवा एका कारखान्याच्या दुकानात एक गृहस्थ टॉवेलाची घडी काखेत मारून आले आणि म्हणाले, ‘मालक, टॉवेल आटलाय.’

‘आपला माल आटत नसतोय ओ.’

‘मग बसंना का?’

चपला बसत नाहीत, झंपर बसत नाही, हे ऐकलं होतं. टॉवेल बसत नाही, हे साठी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकलं. मालकानं टेप लावली. लांबी ५४ इंच, विकला तेव्हा होती तेवढीच. गृहस्थ क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, ‘टेप ताणलीय की काय बघा.’

आता हिशेब मांडू. या गृहस्थांचे वडील मागावर कामाला होते. बारा तास उभं राहायचं, या मागावरून त्या मागावर येरझारा घालायच्या, घरी जाऊन ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. कंबर २७. म्हणजे ५४ इंची टॉवेलाचे बरोबर दोन वेढे. वर खोचून माणूस पाणी भरायचा, जिना चढायचा, भांडणसुद्धा करायचा. टॉवेल जागचा हलत नसे. गृहस्थांची कंबर ४१. एक वेढा आणि १३ इंच उरतात. चिरंजीव बारावीत, कंबर ४४, उरतात १० इंच. दहा इंचांच्या भरवशावर न्हाणीघरातून कपाटापर्यंत पोचणं जोखमीचं असतं. म्हणून तो एका हातानं टॉवेल धरतो. दुसऱ्या हातात मोबाईल. तिसरा हात नाही, त्यामुळे कपाट आई उघडते.

गृहस्थांना ४१ मान्य नाही. ‘माझी पँट ३४ची आहे,’ असं ते शपथेवर सांगतात, आणि खोटं बोलत नाहीत. पँट ते पोटाच्या खाली बांधतात. पोट वरून गॅलरीसारखं बाहेर आलंय, पण मोजमाप तळमजल्याचं. डॉक्टर मात्र टेप लावतात शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या आत, बाईला ८०च्या आत, असा दंडक आहे. आमच्या पेठेच्या भाषेत सांगतो: ५४ इंची टॉवेल बेंबीवरून एकदा गुंडाळा. पुरुषाला दोन विती आणि बाईला अडीच विती कापड उरलं पाहिजे. त्याहून कमी उरलं, तर टॉवेल बदलू नका, रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासा. यकृतावर चरबी चढते तेव्हा ती आवाज करत नाही. गुडघे करतात, आणि रात्री घोरणं.

तरी घरोघरी एकच मंत्र: ‘बाळसं आहे, उतरेल.’ कधी उतरेल? चाळिशीला आलेली बाळसी मी रोज रिक्षातून उतरताना बघतो, तीही एका दमात उतरत नाहीत! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे घ्या. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६मध्ये १.९ टक्के होतं, २०१९-२१मध्ये ४.१ झालं. आणि त्याच सर्वेक्षणात सुमारे ३५ टक्के मुलांची उंची खुंटलेली. एकाच राज्यात एक पोर आडवं वाढतंय, दुसरं उभंही वाढत नाही. यात गंमत काय वाटते हो तुम्हाला? पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून गरोदर बायकांचा अभ्यास झाला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आत-बाहेर, इंग्रज बाळांपेक्षा कितीतरी हलकी. स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जपून ठेवलेली. आज्या-पणज्यांची उपासमार अशी पोटातून पोटात उतरते, आणि त्या काटकसरी देहाला आम्ही देतो काय? शाळेच्या फाटकाबाहेर पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट, आणि फाटकाच्या आत मैदानाऐवजी गाड्या! लग्नसराईत मंडप, निवडणुकीत सभा, उरलेल्या दिवसांत पार्किंग. पोरानं धावायचं कुठं? रस्त्यावर? तो खणलेला आहे. फूटपाथवर? तिथं भज्यांची कढई आहे. मग पोर सोफ्यावर बसतं, आणि ‘हल्लीच्या पोरांना हालचाल नको’ असं आपण सोफ्याच्या दुसऱ्या टोकावरून बोलतो.

असो. दुकानात तडजोड झाली.

‘मग ७२ इंची काढा की ओ.’

‘काढू की. दर वाढंल.’

‘दराचं काय नाही.’

मालकानं वहीत ऑर्डर लिहिली आणि धाकट्याकडं बघितलं. तिसरीतलं पोर, बापाच्या बोटाला धरून उभं, दुसऱ्या हातात पाकीट.

‘ह्याला पण ५४चा देऊ?’

गृहस्थांनी पोराला प्रेमानं आपादमस्तक न्याहाळलं, म्हणजे खरं तर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत.

‘नको. ह्याला वाढत्या अंगाचा द्या.’