क्लॅम्पमीटरवाले काका

नेरुळमध्ये संध्याकाळी दिवे मंद झाले की बाकीची माणसं गॅलरीत येऊन समोरच्या बिल्डिंगीत डोकावतात. तिथंही तीच रड असेल तर समाधानानं आत जातात. काका मात्र जिना उतरून थेट मीटररूम गाठतात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खेकड्याच्या नांगीसारखा तो क्लॅम्पमीटर. "दोनशे सात!" अशी आरोळी खालून आली की अख्ख्या बिल्डिंगीला कळतं, व्होल्टेज उतरलंय. ते कळून चढत नाही, ही गोष्ट वेगळी.

सिडकोनं वसवलेल्या प्रत्येक सेक्टरात असे एक काका असतातच. शाळा, मार्केट, बाग यांच्याबरोबर आराखड्यातच त्यांची जागा राखून ठेवलेली असावी. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कुठल्याशा कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला जन्म काढून ते रिटायर होतात. मशिनं तिथंच राहतात, मोजायची खोड घरी येते.

"गीझरचं पाणी हल्ली नीट तापत नाही," एवढंच मी लिफ्टमध्ये बोललो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काका दारात. मी टॉवेलवर. "ओल्या हातानं जवळ येऊ नका," असं बजावून त्यांनी मेन बंद केला, स्विचबोर्ड उघडला, फेजची वायर मोकळी केली, मेन पुन्हा चालू करून ती वायर नांगीत धरली आणि सकाळच्या पाढ्यांना सुरुवात केली. "व्होल्ट २१८, अँपिअर ८.३. गुणाकार करा."

टॉवेल सावरत मला गुणाकार जमेना. तो त्यांनीच केला. "अठराशे नऊ वॅट. पैसे किती वॅटचे दिलेत?"

"दोन हजारांचे," मी म्हणालो आणि माझं डोकं तापलं. गीझरआधी. दुकानदाराला फोन लावणार तोच काकांनी हात धरला. "आता भागाकार. २१८ भागिले ८.३ म्हणजे सव्वीस पूर्णांक सत्तावीस ओहम. एवढ्या रोधाची कॉइल २३० व्होल्टवर दोन हजार वॅट देतेच. कॉइल प्रामाणिक आहे हो! व्होल्टेज पाच टक्के पडलं की वॅट दहा टक्के पडतात, कारण त्यात व्होल्टचा वर्ग येतो." निष्कर्ष असा की पाणी तापायला दोन-तीन मिनिटं जास्त लागणार. तो निघेपर्यंत माझी सीएसएमटी लोकल गेली होती.

ज्यांना आकडे पचत नाहीत त्यांच्यासाठी काकांकडे मोरबे धरण आहे. व्होल्ट म्हणजे धरणातल्या पाण्याची उंची, अँपिअर म्हणजे नळाची धार आणि ओहम म्हणजे पाइपात साचलेला गाळ. धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं असल्यामुळे हे उदाहरण आमच्याकडे लगेच पटतं. खुद्द ओहमसाहेबांबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज कातर होतो. "बिचारा जर्मन मास्तर. १८२७ साली पुस्तक काढलं, कुणी विचारलं नाही. कॉप्ली पदक मिळालं १८४१ ला. चौदा वर्षं! माझं प्रमोशनसुद्धा अकरा वर्षांत झालं होतं."

या खोडीची लागण होते, हे वार्षिक सभेत कळलं. आमच्या खजिनदारांनी गुपचूप एक स्वस्तातला मल्टिमीटर आणला होता. कॉमन बिल का फुगतं, याचा छडा लागल्याचं त्यांनी जाहीर केलं. पंपरूममधला शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा काढून त्यांनी त्याचा रोध मोजला होता : ३८ ओहम. २३० चा वर्ग भागिले ३८, म्हणजे जवळपास चौदाशे वॅट! रात्रभरात बारा तास धरले तर सतरा युनिट! सभेत खळबळ. वायरमनवर संशय, बल्बवर संशय, एकानं तर सेक्रेटरींकडेच पाहिलं.

इतका तृप्त चेहरा मी काकांचा कधी पाहिला नव्हता. दुसऱ्याची चूक ते गुळाच्या खड्यासारखी चघळतात. "दिवा गार होता ना?" त्यांनी हळूच विचारलं. "रोध बंद दिव्याचाच मोजायचा, ते बरोबर केलंत. पण टंग्स्टनची तार पांढरीफटक तापली की तिचा रोध दसपटीच्याही वर जातो. पेटवून अँपिअर मोजा."

खजिनदार रागानं क्लॅम्पमीटर हिसकावूनच पंपरूममध्ये गेले. मागोमाग सभा. त्यांनी दिव्याची अख्खी वायर नांगीत पकडली. मीटरवर शून्य. चौदाशेवरून थेट शून्य! एवढी बचत सोसायटीच्या इतिहासात झाली नव्हती. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

"फेज आणि न्यूट्रल एकत्र धरलीत," काका म्हणाले. "जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खातात. एकच वायर धरा." एकच धरली. ०.४३ अँपिअर. व्होल्ट २२८. अठ्ठ्याण्णव वॅट. दिव्याची अब्रू वाचली, खजिनदारांची गेली.

मंडळी परत खुर्च्यांवर बसली. पार्किंगचा विषय निघणार, इतक्यात तळमजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "मग पंपाचे वॅटपण असेच गुणाकार करून काढायचे का हो?"

काकांनी खिशातून पेन काढलं, अजेंड्याची पाठकोरी बाजू उलटली. "छे! मोटरीला नुसता गुणाकार चालत नाही. तिथं पॉवर फॅक्टर येतो. आधी कोसाइन म्हणजे काय, ते बघू..."

कोसाइनचा त्रिकोण पुरा व्हायच्या आत सभेचा कोरम गेला होता. वहिनी तेवढ्या भिंतीकडच्या खुर्चीत अडकल्या होत्या.