येतो हं!

शांती नगरमधल्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक सर राहतात. नीटच्या पोरांना बायॉलॉजी शिकवतात. संध्याकाळी काही ना काही परत द्यायला खाली येतात, "बसत नाही, घाईत आहे" म्हणतात आणि सेफ्टी डोअर धरून पाऊण तास उभे राहतात. एक पाय उंबऱ्यात, एक जिन्यात. दर पाच मिनिटांनी "येतो हं!"

गंमत म्हणजे सुटून निघणं हाच त्यांचा लाडका धडा. परवा हिच्या हातात कणीक दिसली आणि सर खुलले.

"वहिनी, गोळा कसा तोडता? मूठ आवळली की कणीक वर येते, मान बारीक होते, मग अंगठ्या-बोटाचा फास. पेशी हेच करते! तिच्या पटलाला खळगा पडतो, क्लॅथ्रिन नावाचं प्रथिन त्यावर जाळीची टोपली विणतं, मानेभोवती डायनॅमिन या दुसऱ्या प्रथिनाचं वेटोळं आवळलं की पुटिका, म्हणजे इवलीशी पिशवी, सुटते. जेमतेम 100 नॅनोमीटरची!"

"पण सर, मी गोळा बाहेर काढते. तुमची पेशी तर आत घेते ना?"

झालं. इतका चांगला प्रश्न क्लासमध्ये वर्षभरात कुणी विचारला नसावा. आणखी वीस मिनिटं.

तर, सर म्हणाले, फास नुसता घालून भागत नाही, जीटीपी हे पेशीचं इंधन खर्चावं लागतं. पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडील यांच्या प्रयोगशाळेत काचेवर पटलाच्या बारीक नळ्या ओढतात. डायनॅमिन आणि जीटीपी सोडलं की सूक्ष्मदर्शकाखाली नळ्यांचे तुकडे पडताना दिसतात. जीटीपी नसेल तर डायनॅमिन नळीला नुसतं बिलगून राहतं.

"नुसतं बिलगून!" सर दाराला बिलगून म्हणाले.

तेवढ्यात लाइट गेले. मे महिना. उकाड्यावरून सर फळमाशीवर घसरले.

"1973 साली हिची एक जात जगापुढे आली, शिबिरे. आपलं शिबिर नव्हे हो, जपानी शब्द, म्हणजे बधिरपणा. हिचं डायनॅमिन सदोष. तापमान 30 अंशांच्या आसपास गेलं की मज्जातंतूच्या टोकाशी पुटिका मानेवर लोंबकळत राहतात, सुटतच नाहीत. पुढचा निरोप न्यायला पुटिकाच उरत नाहीत, माशी आडवी! गार केली की उठून चालू लागते. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये के. एस. कृष्णन यांनी याच माश्यांवर... बरं, येतो हं."

मी मोबाइलवर पाहिलं. मीरा रोड, 33 अंश. सर हलण्याची लक्षणं नव्हती. ही कणकेचे हात घेऊन तशीच उभी.

मग वरच्या मजल्यावरून एकच शब्द आला, "अहोऽऽ!"

"आलं जीटीपी," ही पुटपुटली.

सर सुटले ते दोन-दोन पायऱ्या चढत दिसेनासे झाले. परत द्यायला आणलेला आमचा डबा त्यांच्या हातातच होता.