केसांची आणेवारी

महसूल खात्यात एकतीस वर्षे कलम घासून मी अव्वल कारकुनीतून निवृत्त झालो. त्या अवधीत नाना परींचे अंमलदार पाहिले. परंतु सनद नाही, शिक्का नाही, दरमहा तनखा नाही, आणि तरीही ज्यांचा हुकूम लग्नमंडपापासून माजघरापर्यंत निर्वेधपणे चालतो असे अंमलदार मला एकाच वर्गात आढळले, आणि तो वर्ग म्हणजे दुसऱ्यांच्या केसांची चिंता वाहणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा. प्रत्येक घराण्यात अशी एक असतेच. मुंजीत बटूकडे, लग्नात नवरीच्या शालूकडे आणि बारशाला पाळण्यातल्या बाळाकडे सर्वांचे डोळे लागलेले असता हिची दृष्टी जमलेल्या मुलींच्या भांगांवरून पैमाशीला निघालेल्या मोजणीदाराच्या साखळीसारखी सरकत असते, आणि जिथे म्हणून एखादी बट रांग मोडून उभी राहिलेली दिसेल तिथे ती थबकते. मग अक्षता हातात तशाच राहतात.

आमच्या घराण्यातील ही वतनदारी माझी थोरली बहीण अक्का हिच्याकडे आहे. तिचे स्वतःचे केस जन्मतःच सुतासारखे सरळ. ऐन तारुण्यातही त्यांनी कधी डावीउजवीकडे पाहिले नाही, आणि आज वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचा शिल्लक ऐवज सुपारीएवढ्या अंबाड्यात सुखाने नांदत आहे. ज्याच्या शेतात आयुष्यात कधी हरळी माजली नाही त्यानेच शेजाऱ्याला खुरपणीवर उपदेश करावा, ही रीत काही अक्काने सुरू केलेली नाही. तिने फक्त ती पूर्णत्वास नेली.

ह्या अंमलाखाली सांप्रत नांदणारी मुख्य रयत म्हणजे माझी नात. तिचे केस कमरेपर्यंत लांब आणि वळणदार आहेत. कुरळे म्हणावेत इतके ते वळत नाहीत आणि सरळ म्हणावेत इतके ते ऐकत नाहीत. सकाळी नीट विंचरून वेणी घातली तरी दहाच्या सुमारास भांगाच्या दोन्ही अंगांना बारीक केसांचे एक धूसर वलय उभे राहते, उन्हात तर ते एखाद्या देवतेच्या प्रभावळीसारखे चमकते, आणि वेणीचा शेंडा जुन्या केरसुणीसारखा राठ होऊन फुलतो. मला त्यात काही वावगे दिसत नाही. पण ज्याच्या डोक्यावर चाळिशीतच पठार पडले त्याची साक्ष ह्या बाबतीत ग्राह्य धरली जात नाही.

अक्काची तपासणी पाहण्यासारखी असते. ती प्रथम काही बोलत नाही. मुलीला पाठमोरी बसवते, वेणीचा शेवटचा चार बोटे भाग अंगठ्यात आणि तर्जनीत धरते, आणि भुसार बाजारातला आडत्या तांदूळ चोळून पाहतो तसा तो कानाजवळ नेऊन चोळते. त्या चोळण्याला एक आवाज असतो. वाळलेल्या पेंढ्याचा, बारीक करकर करणारा. तो ऐकू आला की निकाल जाहीर होतो.

“सहा आणे!”

आमचे वडील मामलेदार कचेरीत होते, त्यामुळे उभ्या पिकाची आणेवारी ठरवण्याची परिभाषा अक्काने परकराच्या वयातच आत्मसात केली. पीक सोळा आण्यांपैकी चार आण्यांच्या आत आले की साऱ्याची वसुली तहकूब, हा नियम ती आम्हा भावंडांच्या परीक्षेतील गुणांनाही लावीत असे. आणे जाऊन आता पैसेवारी आली, पन्नास पैशांच्या खाली पीक गेले की दुष्काळाची हाकाटी होते, इत्यादी फेरफार मी तिला समजावून पाहिले. परंतु तिच्या दफ्तरी रुपयाचे आणे अद्यापि सोळाच आहेत, आणि पुरते सोळा आणे केस तिने उभ्या जन्मात एकाच बाईचे पाहिले. ती आमची आई.

राठ केस हा अक्काच्या मते शरीरधर्माचा अथवा ऋतुमानाचा प्रश्न नसून शीलाचा आहे. “डोक्याला तेल नाही, दुसरं काय!” हे तिचे आरोपपत्र, आणि त्यात ‘डोक्याला’ हा शब्द ती अशा स्वरात उच्चारते की आतल्या मेंदूलाही वंगण कमी पडत असल्याचा संशय ऐकणाराच्या मनात यावा. आरोप शाबीत झाल्यावर शिक्षेची अंमलबजावणी रविवारी होते, तिची पूर्वतयारी मात्र शनिवारपासून. खोबरेल कोमट करावयाचे. ते चोवीस अंशांच्या खाली थिजते, आणि पौषात पुण्याचा पारा त्याच्या किती तरी खाली जात असल्यामुळे दुपारपासून बाटली उन्हात सरकवीत राहण्याचे काम निवृत्त माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे येते. मग चपचपीत तेल. सकाळी शिकेकाई. ही शिकेकाई दुकानातली पुडी नव्हे. शेंगा, रिठा, आवळकाठी, गव्हला-कचोरा, नागरमोथा, वाळवलेली संत्र्याची साल आणि मूठभर मेथ्या, असा ऐवज अक्का वर्षातून एकदा गिरणीतल्या वेगळ्या चक्कीवर समोर उभी राहून दळून आणते आणि परत येताना वाटभर शिंकते. साबण कपड्याला, असे तिचे म्हणणे आहे. आणि न्यायाने सांगावयाचे तर ते खरेही आहे, कारण साबण क्षारधर्मी असल्यामुळे केसाच्या अंगावरचे सूक्ष्म खवले उचकटून ठेवतो, तर शिकेकाई सौम्य आम्ल असल्यामुळे त्यांच्या वाटेस फारशी जात नाही. ती डोळ्यांच्या वाटेस जाते ही गोष्ट निराळी.

इथवर सारे यथासांग. पण केस वाळल्यावर अक्का लाकडी फणी घेते, ती टाळूवर रोवते आणि एका दमात खाली ओढते. मध्ये गुंता आला तर तो गुंत्याचा अपराध. नातीची “आई गं!” तिसऱ्या आळीत ऐकू जाते, फणीच्या दातांत मूठभर गुंतावळ येते, आणि ती उजेडाकडे धरून अक्का म्हणते, “बघ, किती गळतात! तेल नाही.”

ह्या अन्यायाविरुद्ध माझ्यातला जुना कारकून जागा झाला आणि मी कागदपत्रे गोळा केली. कैफियत अशी की, टाळूत स्रवणारे स्वाभाविक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते; वळणदार केसात मात्र ते बोरघाटातल्या मालगाडीप्रमाणे पहिल्या दोन-तीन वळणांतच दमते, आणि शेंडा कोरडा राहतो तो मुलीच्या आळसामुळे नव्हे. दुसरे असे की, केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. म्हणजे कमरेशी रुळणारा तीस इंची केसाचा शेंडा पाच वर्षांचा असतो, त्याने पाच पावसाळे, पाच उन्हाळे आणि अक्काच्या फणीचे अडीचशेहून अधिक रविवार सोसलेले असतात. इतकी नोकरी झाल्यावर अंगावरचे खवले झिजणारच; माझेही झिजले. झिजलेल्या कौलांतून पाणी आत शिरावे तशी दमट हवेतली वाफ त्या केसात शिरते, आतली घडण सैल पडते, आणि प्रत्येक केस शेजाऱ्याची संमती न घेता आपल्या मर्जीने वळतो. ह्यालाच आपण पिंजारणे म्हणतो.

हे सर्व मी गंभीरपणे मांडले. नंतर माझ्या हातून एक चूक घडली. पुरावा भक्कम व्हावा म्हणून मी जिनीव्हाचे शास्त्रज्ञ होरास बेनेडिक्ट द सोस्यूर यांना साक्षीला बोलावले. ह्या गृहस्थाने १७८३ साली माणसाच्या केसावर चालणारे आर्द्रतामापक यंत्र प्रसिद्ध केले. हवा कोरडी झाली की केस आखडतो, दमट झाली की शंभरात दोन-अडीच भाग लांबतो, आणि त्याला जोडलेला काटा फिरतो. पुढे कित्येक पिढ्या वेधशाळांतून अशी यंत्रे चालली. “तेव्हा अक्का,” मी म्हणालो, “पोरीच्या डोक्यावर सबंध वेधशाळा आहे. तिला शिक्षा कसली करतेस?”

“त्या साहेबानं केस कुठला घेतला होता? तेल लावलेला?”

प्रामाणिकपणा ही कारकुनी जातीची जुनी व्याधी. “नाही,” मी म्हणालो, “त्याने आधी तो सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातलं सगळं तेल काढून टाकलं. तेलकट केस हवेची खबर नीट देत नाही.”

अक्काने फणी खाली ठेवली. “म्हणजे केसाला तेल असलं की तो हवेचं ऐकत नाही. असंच ना? मग मी साठ वर्षं दुसरं काय सांगत्येय?”

साक्षीदार फितूर झाला. मी कागदपत्रे गुंडाळून बैठकीत जाऊन बसलो.

पुढे नातीला मुंबईस नोकरी लागली आणि प्रकरण अक्काच्या हद्दीबाहेर गेले. देशावरच्या कोरड्या हवेत नुसते राठ असणारे ते केस खंडाळ्यापर्यंत मुकाट बसत आणि गाडी घाट उतरून कर्जतला लागली की खालच्या दमट हवेच्या पहिल्या झुळकेसरशी जागे होत, असे तिनेच मला सांगितले. जुलैत तिचे एक छायाचित्र आले. त्यात चेहरा होता, पण तो शोधावा लागला. अक्काने ते हातभर लांब धरून पाहिले आणि काही आणे सांगितले नाहीत, ह्यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

गौरी-गणपतीला नात घरी आली ती मात्र पूर्वीची नात नव्हती. मुलूख गमावलेला सरदार परमुलखात नवी विद्या शिकून परतावा तशी ती आली, आणि पहिल्याच दिवशी तिने घरात जी फर्माने सोडली त्यांचा बाज मला इतका परिचित वाटला की मी दोनदा वळून अक्का कुठे बसली आहे ते पाहिले. ऊन ऊन पाणी डोक्यावर घ्यायचे नाही. शांपू टाळूपुरता, लांबीला कंडिशनर. वाळलेल्या केसाला कंगवा लावायचा नाही. टॉवेलने खसाखसा पुसायचे नाही, जुन्या मऊ सुती कापडात दाबून पाणी टिपायचे. त्यापायी माझी दोन मुरलेली बनियने जप्त झाली. जवस पाण्यात उकळून त्याचा बुळबुळीत अर्क काढला गेला आणि तो माझ्या चहाच्या गाळणीतून गाळला गेला. त्या दिवशीचा चहा मी दोन घोटांत सोडला.

न्हाणीघराच्या दारात अक्का पाट टाकून बसली होती, पंचनाम्याला बसावी तशी. नातीने ओल्या, कंडिशनरने निसरड्या झालेल्या केसांत रुंद दातांचा कंगवा घातला तो शेंड्यात. चार बोटे सोडवले, मग त्याच्या वरचे चार बोटे, मग त्याच्याही वरचे. असे करीत ती टाळूकडे चढत गेली.

“उलटं का गं?” अक्का म्हणाली.

“लोकरीचा गुंता तू कसा सोडवतेस, अक्काआजी? वरून ओढतेस?”

अक्का स्वेटर विणण्यात आमच्या पेठेत अद्वितीय. तिने तोंड उघडले, आणि मिटले. हे दृश्य माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी प्रथमच पाहिले.

वास्तविक इथे मोठी लढाई व्हावयाची. मी तिच्या अपेक्षेने खुर्ची थोडी पुढेही ओढून घेतली होती. परंतु चौकशीअंती असे निष्पन्न झाले की दोन्ही दफ्तरांतली बरीचशी कलमे एकच आहेत. टॉवेल नको, ह्यावर अक्काने फडताळातून पंचा काढून दिला; तो बनियनापेक्षा सरस ठरला. रात्री केस मोकळे सोडून झोपायचे नाही, सैल वेणी घालायची, हे अक्का परकऱ्या पोरींना पन्नास वर्षे सांगत आली आहे. आणि खोबरेल न्हाण्याच्या आधी लावायचे, हे नातीने शास्त्राधाराने सांगितले : २००३ साली मुंबईच्या दोघा संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल असे तीन प्रकार केसांवर लावून पाहिले, आणि केसातील प्रथिनांची झीज कमी करण्याचा गुण त्यांना एकट्या खोबरेलात आढळला, कारण ते केसाच्या आत मुरते. अक्काने हे शांतपणे ऐकून घेतले. “२००३ साली होय?” एवढेच ती म्हणाली, पण त्या तीन शब्दांत तिने अखिल विज्ञानाला उशिरा कचेरीत येणाऱ्या उमेदवारासारखे दाराशी उभे केले.

दुपारी केस वाळले. अक्काने नातीला पाठमोरी बसवले, शेंडा बोटांत धरला, कानाजवळ नेऊन चोळला. करकर ऐकू आली नाही. तिने पुन्हा चोळला. वलय अजून होतेच, पण ते आता प्रभावळीवरून उतरून धुक्यावर आले होते.

“दहा,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, नाइलाजाने, “साडेदहा.”

माझ्यावर संकट आले ते ह्यानंतर. नात म्हणाली की सगळे झाले तरी रात्रभर सुती अभ्र्यावर डोके घासले जाते, त्याने केस पुन्हा पिंजारतात. अभ्रा रेशमी हवा. घरात रेशमी आणि मऊ असे एकच वस्त्र होते, ते म्हणजे माझ्या लग्नातले, एका काठाशी विरलेले, पण पूजेला अजून नेसण्याजोगे पीतांबर. मी निश्चिंत होतो. सोवळ्याच्या बाबतीत अक्का इतकी कडक, की ते वाळत घातलेले असता मांजर खालून गेले तरी तिने ते पुन्हा धुवायला लावले आहे. मी विश्वासाने तिच्याकडे पाहिले. ती उठली, फडताळ उघडले, पीतांबर काढले, दोन बोटांत चोळून पाहिले आणि नातीला म्हणाली, “कात्री आण. काठ राहू दे, त्याचं देवाला वस्त्र होईल.”

“अगं अक्का, आणि मी पूजेला काय नेसू?”

त्या दोघी एकाच वेळी माझ्याकडे वळल्या; म्हणजे माझ्याकडे नव्हे, माझ्या डोक्याकडे. अक्का जवळ आली. माझ्या उजव्या कानामागे जो चार-सहा केसांचा विरळ झुबका अजून तग धरून आहे तो तिने अंगठ्यात आणि तर्जनीत धरला, डोळे बारीक करून चोळला, आणि सोडून दिला.

“ह्याला सारा माफ,” ती नातीला म्हणाली, आणि पीतांबराची घडी जमिनीवर पसरून तिच्यावर उशी ठेवून माप घेऊ लागली.