अटीलागू नाना

नानांच्या हातात लग्नपत्रिका दिली तरी ते ती आधी उलटी करून बघतात. मागे बारीक टाइपात काही छापलेलं नाही ना, याची खात्री झाली की मग वधूवरांची नावं. राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात हयात गेलेली. समोर आलेल्या माणसाकडे तारण काय आणि हा बुडाला तर वसुली कुठून, हा हिशेब त्यांच्या डोळ्यांत आपोआप सुरू होतो. सोसायटीत सगळे त्यांना 'अटीलागू नाना' म्हणतात. हे कानावर आलं तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त 'अटी व शर्ती लागू' असं हवं, एवढी दुरुस्ती सुचवली.

अशा माणसाला घेऊन आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याने भूमध्य समुद्रातली क्रूझ करायचं ठरवलं. अथेन्सच्या पिरेअस बंदरात जहाजावर चढायचं, मग तुर्कस्तानातलं कुशादासी, सँटोरिनी, माँटेनेग्रोचं कोटोर, क्रोएशियाचं दुब्रोवनिक असं करत इटलीत त्रिएस्तेला उतरायचं. बाकीच्यांनी टूरवाल्या मुलीला रीतसर प्रश्न विचारले. बाल्कनी मिळेल का, जहाजावर जैन जेवण असतं का, गुडघे दुखणाऱ्यांना लिफ्ट आहे का. नानांनी विचारलं, "विमा?"

"पॅकेजमध्येच आहे काका," ती हसून म्हणाली.

बिचारी! कव्हर किती, प्रत्येक क्लेममागे आपल्या खिशातून किती जाणार, साठीच्या पुढच्यांना खोलीभाड्यावर आणि सर्जनच्या फीवर वेगळी मर्यादा आहे का, अशी सरबत्ती सुरू झाल्यावर ती "सरांना विचारून सांगते" म्हणाली आणि त्यानंतर दोन दिवस तिने नानांचा फोन उचलला नाही.

खरं सांगायचं तर आपल्यातले बहुतेक जण प्रवासविमा घेतात तो व्हिसासाठी. शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, तेवढा आकडा दिसला की आपण समाधानाने फाइल मिटतो. नानांना नेमका याचाच संताप. "तो नियम युरोपच्या तिजोरीसाठी आहे हो! तुमचं बिल त्यांच्या गळ्यात पडू नये म्हणून. माझ्या गुडघ्याचं काय?"

मग त्यांनी नकाशा काढला. टूरवाल्यांची पॉलिसी होती 'शेंगेन' प्रकारची. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. माँटेनेग्रोही नाही. क्रोएशिया आहे, पण तोही १ जानेवारी २०२३ पासून. कट्ट्यावर नानांनी हे पेन्सिलीने दाखवलं तेव्हा त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, शांतपणे सारांश काढला, "म्हणजे दुब्रोवनिकला पाय मोडला तर चालेल, कोटोरला मोडायचा नाही."

"आणि समुद्रात मोडला तर?" नाना म्हणाले. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपुढे कोणत्याच देशाची हद्द नाही. जहाजावर झेंडा पनामाचा, कंपनी अमेरिकेची, कॅप्टन इटलीचा, आणि पॉलिसी फडताळात ठेवलेली आपल्या ठाण्यात. या चौघांपैकी माझा पाय कोणाचा?

हा प्रश्न सोडवायला सोसायटीतल्याच विमा एजंटच्या मुलाला बोलावलं. मुलगा हुशार, टाय लावलेला, हातात चकचकीत पत्रक. पत्रकावर एक पांढरेकेस जोडपं हातात हात घालून सूर्यास्ताकडे चाललेलं. नानांनी पत्रक टीपॉयवर पालथं ठेवलं आणि मूळ पॉलिसीचा छापून आणलेला गठ्ठा पुढे घेतला. मग चष्म्यावर त्यांनी दिवा असलेलं भिंग धरलं. मी समोरच बसलो होतो. भिंगाआड नानांचा डोळा पेढ्याएवढा दिसत होता आणि तो एकेका ओळीवर थांबत थांबत सरकत होता.

"कवळी हरवली तर नाही. कानातलं यंत्र नाही. चष्मा नाही." नानांनी मान वर केली. "अरे, मग सत्तरीच्या माणसाचं हरवण्यासारखं उरलं काय?"

"काका, बॅग आहे ना!"

"आधीपासूनचे आजार?"

"जिवावर बेतलं तरच, काका."

"म्हणजे नुसतं दुखून उपयोग नाही. दुखायचं तर जिवावर बेतेल इतकं." हे त्यांनी समासात लिहूनही ठेवलं.

याच मुद्द्यावर कट्ट्यात तट पडले. अण्णांना मधुमेह, पण फॉर्मात लिहायची तयारी नाही. "कशाला लिहायचं? हप्ता वाढतो." नाना त्यांच्यावर अक्षरशः तुटून पडले. साखर लपवून पंधराशे रुपये वाचवाल आणि परदेशात चक्कर येऊन पडलात की कंपनी पहिल्यांदा तुमच्या डॉक्टरचे जुने कागद मागवेल. क्लेम नाकारायला त्यांना तेवढंच हवं असतं. इथे मात्र मी पूर्णपणे नानांच्या बाजूने. अण्णांनी शेवटी मधुमेह लिहिला, रक्तदाब लिहिला आणि चिडून 'लहानपणी कांजिण्या' हेही लिहिलं.

नानांचा एक पुतण्या न्यू जर्सीत असतो. त्याने फोनवर सांगितलं की तिकडे अशी पॉलिसी मिळते की कुठल्याही कारणाने सहल रद्द केली तरी पन्नास ते पंच्याहत्तर टक्के पैसे परत. फक्त बुकिंगची पहिली रक्कम भरल्यावर दोनतीन आठवड्यांत ती घ्यावी लागते. फोन ठेवल्यावर नानांचा चेहरा उजळलेला. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसींत रद्द करायला मृत्यू, इस्पितळ असली भारदस्त कारणं लागतात. नुसतं मनात आलं नाही, याला कागदावर किंमत नाही. "काय पॉलिसी आहे! कुठलंही कारण!" ते दिवसभर म्हणत होते. वहिनी म्हणाल्या, "मग तीच घ्या आणि जाऊच नका. निम्म्याहून जास्त पैसे वाचतील." ती पॉलिसी तिथे राहणाऱ्यांसाठी होती, म्हणून विषय मिटला.

एका संध्याकाळी नानांनी कट्ट्यावर इतिहासही सांगितला. विम्याचा धंदा वाढला तोच मुळी जहाजांच्या जिवावर. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं कॉफीहाउस होतं. जहाजांचे मालक आणि पैसेवाले तिथे बसून सफरींची जोखीम वाटून घेत, त्यातून पुढे लॉइड्स उभं राहिलं. टायटॅनिकचा दहा लाख पौंडांचा विमा तिथलाच. १९१२ मध्ये ती बुडाली आणि महिन्याभरात पैसे चुकते झाले.

"बघा, किती तत्पर!" नाना म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाल्या, "पण त्यासाठी बुडावं लागतं."

शेवटी नानांनी सगळ्या जगाला लागू होणारी पॉलिसी निवडली. वैद्यकीय कव्हर अडीच लाख डॉलर, कारण समुद्रातून हेलिकॉप्टरने उचलायचं आणि मग डॉक्टरसकट विमानाने मुंबईला आणायचं तर रुपयांत आकडा कोटीच्या पुढे जाऊ शकतो. पार्थिव मायदेशी आणण्याचं कलम त्यांनी जेवताना वाचून दाखवलं. मोठ्या जहाजांवर शवागाराची सोय असते, ही माहितीही त्याच जेवणात. वरणभात कालवत असलेल्या वहिनी एवढंच म्हणाल्या, "तूप घ्या."

मग तयार झाली क्लेम फाइल. प्रवासाला निघण्याआधीच. निळी, बटणाची, आत तीन कप्पे आणि नानांच्या सुरेख अक्षरात तीन चिठ्ठ्या: दिरंगाई, दवाखाना, देहावसान. पहिल्या दोन कप्प्यांत कोरे लिफाफे आणि छोटा स्टेपलर. तिसऱ्यात आधार कार्डाच्या झेरॉक्स.

जहाजावर नानांना मी पाहिलं ते असे: डेकवर सगळे समुद्राचे फोटो काढताहेत आणि नाना जीवरक्षक होडीवर लिहिलेली माणसांची संख्या वाचताहेत. तिकिटामागच्या कराराचंही पारायण झालेलं. वारा वाढला तर कॅप्टन वाटेल ते बंदर गाळू शकतो, आणि उशिरा येणाऱ्यासाठी जहाज थांबत नाही. पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं. त्यामुळे दुब्रोवनिकची तटबंदी आम्ही आतून पाहिली, नानांनी बाहेरून. दोन तास आधी जहाजावर परतून ते कठड्याशी उभे राहिले आणि शेवटच्या मिनिटाला धापा टाकत पळत येणारे प्रवासी बघत बसले. त्या दिवशी ते खरे खुशीत होते.

सँटोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटीने जुन्या बंदरात उतरायचं, मग वरच्या गावात जायला केबल कार, साडेपाचशेच्या वर पायऱ्या, नाहीतर गाढव. वहिनींना गाढवावर बसायचं होतं. नानांनी फाइल काढली. गाढवावरून पडणं अपघातात बसतं की साहसी खेळात? ग्रीक सरकारने २०१८ मध्ये नियम केला की गाढवावर शंभर किलोंहून किंवा त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं लादायचं नाही. "गाढवाची सोय सरकारने केली आहे," नाना म्हणाले, "आपली आपल्याला करायची आहे." सगळे केबल कारने गेले.

अण्णांनी आठवडाभराचं ड्रिंक्स पॅकेज घेतलं होतं. मद्याच्या अमलात झालेली इजा पॉलिसीत बसत नाही, हे कलम नानांनी पाठ केलेलं. रोज रात्री बारमध्ये लिंबूपाणी घेऊन ते अण्णांच्या शेजारी बसत. "अण्णा, तिसऱ्या पेगला चढते ती तुम्हाला. उतरतो तो विमा." अण्णांनी पॅकेजचे पैसे अर्ध्यावर सोडले.

एकदाच फाइलीचा उपयोग झाला. कोटोरच्या आदल्या रात्री आमच्यातल्या एकाचं पोट बिघडलं. जहाजावरच्या डॉक्टरने तपासलं, औषध दिलं, बिल थेट केबिनच्या खात्यावर लागलं. 'कॅशलेस'वर विसंबलेले सगळे गांगरले. नानांना हे सगळं माहीत होतं. आधी भरा, मूळ बिल घ्या, डॉक्टरचा शेरा घ्या, परतल्यावर क्लेम करा. त्यांनी स्टेपलर काढला आणि टच्च करून पहिला कागद 'दवाखाना'त लावला. तो क्लेम पुढे मिळाला, पहिल्या शंभर डॉलरची वजावट होऊन.

पण नानांची खरी कसोटी जहाजावर चढण्याआधीच लागली होती. विमान चुकलं तर जहाज जाईल म्हणून त्यांच्याच हट्टाने आम्ही एक दिवस आधी अथेन्सला पोचलो. सकाळी सातला उतरलो, आणि नाना-वहिनींची मोठी बॅग आलीच नाही. वहिनींचे सगळे कपडे तीत. नाना मात्र विलक्षण शांत. बॅगेला बारा तासांहून जास्त उशीर झाला तर गरजेच्या वस्तूंचे पैसे मिळतात. दुपारी ते बाजारात गेले आणि वहिनींना न विचारता दोन ड्रेस, टूथब्रश, कंगवा घेऊन आले. प्रत्येकाची पावती. सगळं 'दिरंगाई'त.

संध्याकाळी सहा चाळीसला हॉटेलच्या दारात गाडी थांबली आणि विमान कंपनीचा माणूस बॅग घेऊन उतरला. नानांनी घड्याळ पाहिलं. मग त्याच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी त्याला लॉबीतल्या सोफ्यावर बसवलं. "ब्रदर, फर्स्ट हॅव कॉफी." कट्ट्यावर आजवर कोणाचा कटिंगही न भरलेले नाना! दोन कॉफ्या आल्या. नाना त्याच्या बायकोमुलांची चौकशी करू लागले. तो माणूस सहीचा कागद पुढे करी, नाना साखरेची पुडी पुढे करीत.

इतक्यात लिफ्ट उघडली. त्या दोन ड्रेसपैकी एकात वहिनी आल्या. तो त्यांना खांद्यात होत नव्हता. त्यांनी कागद घेतला, सही केली, वेळेच्या रकान्यात ठसठशीत ६.५२ लिहिलं आणि बॅग ओढत लिफ्टमध्ये शिरल्या.

बराच वेळ नाना काही बोलले नाहीत. मग वेटर बिल ठेवून गेला. ते त्यांनी भिंगाशिवायच वाचलं, पैसे दिले आणि निळी फाइल मांडीवर उघडून मला हळूच विचारलं, "या कॉफीचं 'दिरंगाई'त बसवता येईल का हो?"