पायाच्या शिरेला कोण विचारतो?

मानपान फक्त लग्नात असतो असं ज्याला वाटतं, त्याने एकदा आजारी पडून बघावं. हृदयाचं ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की गल्लीत गाड्या लावायला जागा उरत नाही. गुडघा बदललेल्यालाही बरा भाव असतो. तो आल्यागेल्याला गुडघा वाकवून दाखवतो आणि लोक कौतुकाने बघतात. मूळव्याध आणि हर्निया दाराआड उरकायचे असतात, पण निदान त्यांच्याबद्दल कुजबुज तरी होते. व्हेरिकोज व्हेन्सच्या वाट्याला कुजबुजही नाही. ‘‘काय झालं?’’ ‘‘पायाच्या शिरा फुगल्यात.’’ ‘‘एवढंच ना!’’ म्हणून समोरचा लगेच स्वतःच्या शुगरवर बोलायला लागतो.

मेडिक्लेमवाल्यांना हा मानपान चांगला ठाऊक आहे. पहिली दोन वर्षं ज्या आजारांचे पैसे मिळत नाहीत, त्यांची यादी बऱ्याच पॉलिसींत असते. तिच्यात मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध यांच्या पाठोपाठ आमच्या शिरा उभ्या असतात. वर ‘हे सौंदर्यासाठी तर करून घेत नाही ना?’ ही शंका वेगळीच. पिंडरीवर वळवळणाऱ्या निळ्या-जांभळ्या गाठी, घोट्याच्या आतल्या बाजूला काळवंडलेली, खाजणारी कातडी, रात्री पायात येणारे गोळे. पन्नाशी उलटलेला इतिहासाचा मास्तर पैसे काढून सौंदर्य विकत घेणार असेल, तर तो चेहऱ्यापासून सुरुवात करेल, एवढी साधी गोष्ट त्या कंपनीला कळू नये?

या कैफियतीला धार आली ती आमच्या साडूंमुळे. साडू बँकेत मॅनेजर होते. उभी नोकरी त्यांनी बसून केली. मी उभ्याने केली, कारण वर्गातली खुर्ची तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी असते असं आमच्या हेडमास्तरांचं मत होतं. यथावकाश बसून बसून साडूंच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या आणि उभं राहून राहून माझ्या पायाच्या शिरा फुगल्या. त्यांची बायपास झाली. शहाळ्यांचा खच पडला. आणि मग एका दुपारी पायजमा वर करून त्यांनी मला पायावरचा लांबलचक व्रण दाखवला. ‘‘काय हो मास्तर, इथली शीर काढून छातीत बसवलीय!’’

तीच ती शीर. घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी, सॅफेनस नावाची. अर्जेंटिनाच्या खेड्यात बारा वर्षं दवाखाना चालवून अमेरिकेत गेलेल्या रेने फावालोरो या सर्जनने 1967 साली क्लीव्हलँडमध्ये तिचा बायपाससाठी वापर केला आणि ती जगभर गाजली. हृदयाशी गेली की ती जीवनदायिनी, आणि माझ्या पायात राहिली तर ‘एवढंच ना’. मला एकच समाधान: तिच्यातल्या झडपा रक्त एकाच दिशेने सोडतात, म्हणून छातीत ती उलटी करून जोडावी लागते. साडूंना हे मी आवर्जून सांगितलं.

त्या झडपांचीच सगळी कथा आहे. हृदय रक्त खाली ढकलतं, ते सोपं. खालून वर आणायचं काम पिंडरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळले की शिरेतलं रक्त वर सरकतं आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरेत जागोजागी झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपात चढलेलं पाणी मागे येतं, हे सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. पायातही तेच होतं. झडपा मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचतं, शीर ताणते, वेडीवाकडी होते. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याशी शिरेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत असतो. धडधाकट पायाने चालायला लागलं की तो 30 च्या आसपास उतरतो. म्हणजे वाईट आहे ते उभं राहणं, चालणं नव्हे. त्या हिशेबाने पंढरपुरात वारकऱ्याचं उत्तम चाललंय; काळजी करावी ती विटेवरच्या देवाची.

या झडपा नीट पाहून त्यांची चित्रं छापली ती पादुआच्या फाब्रिसियस नावाच्या शिक्षकाने, 1603 मध्ये. त्या नेमक्या कशासाठी, हे त्याला उमगलं नाही. ते ताडलं त्याच्या विद्यार्थ्याने, हार्वेने, आणि 1628 साली रक्ताभिसरणाचं पुस्तक लिहून तो अजरामर झाला. शिक्षकाने तासन् तास उभं राहून शिकवावं आणि नाव विद्यार्थ्याचं व्हावं. माझी तक्रार नाही. माझे विद्यार्थी माझ्या हयातीत तरी असं काही करतील अशी चिन्हं नाहीत.

इतिहासात आमच्या आजाराचा एकच खरा मोठा माणूस सापडतो: रोमचा सेनापती मारियस. सात वेळा कॉन्सल झालेला. प्लुटार्कने लिहून ठेवलंय की त्याच्या दोन्ही पायांवर अशा गाठी होत्या. त्याने स्वतःला बांधून घ्यायला नकार दिला आणि एका पायावरच्या गाठी हूं की चूं न करता कापून घेतल्या. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र तो म्हणाला की एवढ्या वेदना सोसाव्यात इतका काही हा उपाय मोलाचा नाही. भूल शोधली जायला अजून एकोणीस शतकं होती. हा प्रसंग मी आठवीच्या वर्गाला दर वर्षी सांगायचो. मुलांना शौर्य पहिल्या पायात दिसायचं. शहाणपण दुसऱ्या पायात आहे हे मला माझ्या पाळीला कळलं.

मारियसनंतर बराच काळ फारसं काही सुधारलं नाही. 1907 मध्ये बॅबकॉक नावाच्या अमेरिकन सर्जनने शिरेत सळी घालून आख्खी शीर ओढून काढायची युक्ती आणली, आणि पुढे जवळजवळ शतकभर पेशंटच्या शिरा जांघेतून ओढल्या गेल्या. आमच्या वाड्यातल्या एका काकांची तशी ओढली होती. मांडी काळीनिळी, कितीतरी दिवस खाटेवर. पण लोक भेटायला यायचे, हे विसरू नका.

माझ्या पाळीपर्यंत लेसर आला होता. मी मिरज गाठली. मिरजेला माणूस एक तर तंबोरा घ्यायला जातो नाही तर ऑपरेशन करून घ्यायला, आणि दोन्हीकडे तारांचंच काम असतं. आधी डॉप्लर सोनोग्राफी झाली, तीही उभ्याने. उभं राहून झालेल्या आजाराची तपासणी उभं करूनच करतात. मग सर्जनने मार्करने पायावर शिरांचा नकाशा काढला. फळ्यावर माझ्या हातून इतका सुबक नकाशा कधी उतरला नव्हता. लेसर डोळ्यांत जाऊ नये म्हणून थिएटरमध्ये सगळ्यांनी गॉगल घातले, मलाही दिला. अंगात गाऊन, पायावर नकाशा, डोळ्यांवर गॉगल. हिला आत येऊ देत नव्हते ते बरंच झालं.

गुडघ्याजवळ सुईएवढं छिद्र पाडून लेसरची बारीक तार जांघेपर्यंत सरकवतात. शिरेभोवती भुलीच्या औषधाचं पाणी टोचत जातात. त्याने दुखत नाही आणि आजूबाजूचं भाजतही नाही. मग तार हळूहळू मागे ओढतात आणि शीर आतून मिटत येते. रक्त आतल्या चांगल्या शिरांतून वाट काढतं. मी मध्येच विचारलं, ‘‘डॉक्टर, उद्या मला बायपास लागली तर? शीर कुठून आणणार?’’

‘‘सर, ही फुगलेली शीर तिथे चालतच नाही. दुसऱ्या पायाची घेतील, छातीतली धमनी घेतील, हातातलीही घेतात.’’

म्हणजे माझ्या शिरेला तिथेही प्रवेश नव्हता. ‘‘झालं. उठा, चाला,’’ म्हणाले. मी संध्याकाळी घरी. दुसऱ्या दिवशी साडू भेटायला आले तेव्हा मी कोपऱ्यावर दूध आणायला गेलो होतो. आणलेलं एकुलतं एक शहाळं त्यांनीच पिऊन टाकलं होतं.

खरं ऑपरेशन घरी सुरू झालं. त्याचं नाव स्टॉकिंग. सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी तो घट्ट मोजा मांडीपर्यंत चढवायचा, सांगलीच्या मे महिन्यात. हिने भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले, मुलाने पाय धरला. पावलावर आधी प्लास्टिकची पिशवी चढवली की मोजा घसरत वर जातो आणि पिशवी बोटांकडच्या उघड्या तोंडातून ओढून काढता येते. पिशवी साडीच्या दुकानाची होती. ती धरून ही म्हणाली, ‘‘त्या दुकानातल्या मुलीचे पाय पाहिलेत? तुमच्यापेक्षा वाईट आहेत.’’

मी पाहिले नव्हते. कोणीच पाहत नाही. माझ्या आईचेही तसेच होते, नऊवारीखाली झाकलेले. घोट्याजवळची जखम वर्षानुवर्षं भरत नव्हती आणि ती त्यावर हळद दाबून ओट्याशी उभी असायची. या आजाराला घराणं लागतं, बाळंतपणं लागतात आणि उभं राहणं लागतं. त्यामुळे तो एसटीच्या कंडक्टरला होतो, चौकातल्या हवालदाराला, इस्त्रीवाल्याला, न्हाव्याला, नर्सला. हुद्दा असलेली माणसं बसलेली असतात. आजाराला मान का नाही, ते मला पायातली शीर जळाल्यावर उमगलं: त्याच्या पेशंटांनाच कुठे आहे?

केरळात साड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी यावर वर्षानुवर्षं भांडण मांडलं. 2018 मध्ये तिथल्या सरकारने कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं मालकांवर बंधनकारक केलं. 2021 मध्ये तमिळनाडूनेही तसंच केलं. बसण्याचा हक्क मिळवायला कायदा लागावा, हे साडूंना पटत नाही. ते सोफ्यावर बसूनच तसं म्हणतात.

यंदा दिवाळीच्या खरेदीला गेलात आणि विक्रेती तुमच्यासमोर पन्नासावी साडी उलगडत असली, तर तिच्या मागे एखादं स्टूल आहे का तेवढं बघा. नसलं तर गल्ल्यावर जाऊन मालकाला विचारा. तो सापडेल, तो बसलेलाच असतो.